मोठ्या कुत्र्याचे लहानपण

लोणावळा, खंडाळा, कामशेत, तळेगाव दाभाडे या पट्ट्यात निवृत्तीनंतर स्थिरावलेल्या ज्येष्ठांच्या घरी एक प्रसंग हमखास घडतो. मुंबईला किंवा पुण्याला राहणारा मुलगा एखाद्या रविवारी मोटारीतून उतरतो, त्याच्या हातातील टोपलीत दीड-दोन महिन्यांचे गुबगुबीत पिल्लू असते, आणि बंगल्याला राखण हवी, आईबाबांना सोबत हवी असे सांगून तो ते ओसरीवर सोडतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, क्वचित रॉटवायलर किंवा ग्रेट डेन. संध्याकाळी मुलगा द्रुतगती मार्गाने परत जातो; पिल्लू राहते आणि त्याच्या पोटाची जबाबदारी आपल्यावर येते. आपणही कौतुकाने स्वयंपाकघरात जाऊन दूध-पोळी कुस्करतो. इथूनच काही गोष्टी चुकू लागतात आणि चुकल्याचे कळायला पुढे वर्ष-दीड वर्ष लागते.

वाचकहो, हा विषय कुणाला श्वानप्रेमींचा छंद वाटेल. परंतु ज्या घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसे राहतात, तेथे तो घराच्या आरोग्याचाच विषय आहे. खुबा किंवा कोपर बिघडलेले 40 किलोचे कुत्रे उठत नसेल, तर त्याला उचलून मोटारीत कोण घालणार? पावसाळ्यात त्याला अंगणात न्यायला कोण आधार देणार? आपल्या स्वतःच्या गुडघ्यांची तक्रार असताना हे ओझे पेलणे कठीण असते. लंगडणाऱ्या मोठ्या कुत्र्यांचे दुखणे काही अंशी आनुवंशिक असते, त्यावर आपला इलाज नाही. उरलेला मोठा वाटा मात्र पहिल्या वर्षातील ताटलीतून ठरतो, आणि तो सर्वस्वी आपल्या हातात असतो.

मोठ्या जातीच्या पिल्लाची वाढ ही निसर्गातील एक थक्क करणारी घटना आहे. माणसाचे मूल तीन किलोचे जन्मते आणि साठ किलोचे व्हायला अठरा वर्षे घेते, म्हणजे वीसपट वाढ. लॅब्राडोरचे पिल्लू जन्मतः साधारण 400 ते 500 ग्रॅमचे असते आणि वर्ष-सव्वा वर्षात 30 किलोच्या घरात जाते, म्हणजे साठ-सत्तरपट. या काळात त्याची हाडे टोकांना मऊ कूर्चेची असतात. त्या कूर्चेचे हळूहळू हाडात रूपांतर होत असते. मोठ्या जातींत हे काम वर्ष ते दीड वर्ष चालते, ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डसारख्या महाकाय जातींत आणखी काही महिने. वरचे वजन भराभर वाढले आणि खालचा पाया अजून ओला असला, तर जे व्हायचे तेच होते. बांधकामावर देखरेख केलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणूनच लहान जातीच्या पिल्लाला जे अन्न चालते, ते मोठ्या जातीच्या पिल्लाला चालेलच असे नाही. पामेरियनच्या पिल्लाने चार घास अधिक खाल्ले तर ते फार तर लठ्ठ होते. जर्मन शेफर्डचे पिल्लू त्याच चार घासांनी गरजेहून वेगाने वाढते.

कॅल्शियमचा मोह

आपल्या पिढीला कॅल्शियमबद्दल विलक्षण आदर आहे. डॉक्टर आपल्याला ते देतात, सुनेला गरोदरपणात देतात, नातवाला वाढीसाठी देतात. त्यामुळे एवढ्या मोठ्या हाडांच्या पिल्लाला ते भरपूर हवे, हा विचार अगदी स्वाभाविकपणे मनात येतो. औषधाच्या दुकानात कुत्र्यांसाठीच्या कॅल्शियमच्या बाटल्याही मिळतात, त्यांवर रुबाबदार कुत्र्याचे चित्र असते. रोज दोन चमचे, सोबत चांगल्या प्रतीचे पपी फूड, वर एक उकडलेले अंडे, अशी राजेशाही व्यवस्था मोठ्या प्रेमाने केली जाते.

प्रौढ कुत्र्याचे आतडे कॅल्शियम जास्त झाले की ते आत घेणे कमी करते. पिल्लाला, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, ही युक्ती नीट साधलेली नसते. अन्नात जितके जास्त, तितके जास्त त्याच्या शरीरात शिरते. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेले प्रयोग 1985 साली प्रसिद्ध झाले. त्यांत कोरड्या अन्नाच्या सुमारे 3.3 टक्के कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांमध्ये कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रियाच बिघडली. पाय वाकडे होणे, सांध्यात कूर्चेचा पापुद्रा सुटणे, लंगडणे हे त्याचे पुढचे टप्पे. अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांची ‘आफ्को’ ही संघटना खाद्याची मानके ठरवते. तिने वाढून 32 किलो किंवा अधिक होणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची मर्यादा कोरड्या वजनाच्या किमान 1.2 आणि कमाल 1.8 टक्के अशी आखली आहे. इतर पिल्लांसाठी कमाल मर्यादा 2.5 टक्के आहे. एवढ्या अरुंद वाटेवरून चालणाऱ्या पिल्लाच्या अन्नात आणखी बाटली ओतली, तर ते वाट सोडणार हे उघड आहे. मोठ्या जातीसाठी बनवलेले संपूर्ण खाद्य पोटात जात असेल, तर वरून कॅल्शियम देऊ नये; पशुवैद्यांनी तपासून काही विशिष्ट कारणासाठी सांगितले तरच द्यावे.

याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे, आणि ती बहुधा घरच्या अन्नात आढळते. बिनहाडाचे कोंबडीचे मांस आणि भात हे पिल्लाला दिले जाणारे सर्वांत लोकप्रिय जेवण. मावळात तर वडगावच्या भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी घरोघरी असतो. त्याच्या मऊ, सुवासिक भातात कोंबडी कालवली की पिल्लू ताटली चाटून पुसून काढते. परंतु 100 ग्रॅम मांसात कॅल्शियम जेमतेम 10-12 मिलिग्रॅम असते आणि फॉस्फरस सुमारे 200 मिलिग्रॅम. भाताची कथाही फारशी वेगळी नाही. पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा थोडे अधिक हवे असते. येथे प्रमाण नेमके उलटे होते, आणि रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढू लागते. असे पिल्लू वरून तुकतुकीत दिसते, पण त्याची हाडे पोकळ होत जातात. उडी मारताना पाय मोडला की मग क्ष-किरण चित्रात सारा हिशेब दिसतो.

काही घरी यावर नाचणीची आंबील दिली जाते. नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ही गोष्ट खरी. पण ते शोषण्यात धान्यातील फायटेट आडवे येते, आणि दिवसाला तीन-चार ग्रॅम कॅल्शियमची गरज असलेल्या पिल्लाला ते पुरवायचे तर दुसरे काही खायला त्याच्या पोटात जागाच उरणार नाही. उन्हात बसवून ‘ड’ जीवनसत्त्व मिळेल, ही समजूतही येथे लागू पडत नाही. माणसाच्या त्वचेत ते तयार होते. कुत्र्याच्या त्वचेत पुरेसे होत नाही, त्याला ते अन्नातूनच घ्यावे लागते.

आमच्या लहानपणी कुत्री भाकरी-ताकावरच वाढायची, त्यांना काय झाले, असा प्रश्न येथे हमखास येतो. प्रश्न योग्य आहे. मावळातले गावठी कुत्रे किंवा धनगरवाड्यावरचे राखणीचे कुत्रे वजनाने हलके, सडसडीत असते. त्याची वाढ सावकाश होते, आणि भाकरीखेरीज ते उंदीर-घुशीपासून शेळी व्यायल्यानंतरच्या वारेपर्यंत बरेच काही खात असते. शिवाय जी पिल्ले जगली नाहीत, ती आपल्या आठवणीतही नाहीत. बंगल्याच्या फाटकाआड वाढणाऱ्या ग्रेट डेनची तुलना त्याच्याशी करता येणार नाही.

पिशवीवर काय वाचावे

कोरड्या खाद्याला सरसकट ‘पेडिग्री’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, जसे वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणतात. दुकानात मात्र एवढे सांगून चालत नाही. पिशवीवर ‘पपी’ आणि ‘लार्ज ब्रीड’ हे दोन्ही शब्द हवेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असलेले पोषणविषयक विधान. त्यात हे खाद्य वाढीसाठी, मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसह, संपूर्ण व संतुलित असल्याचे म्हटलेले असावे. ते बारीक अक्षर भिंगातून वाचावे लागले तरी वाचावे; पुढच्या बाजूचे चित्र आणि विशेषणे यांना फारसा अर्थ नसतो. कॅल्शियमचा आकडा दिला असेल तर तो पाहावा, दर किलोमागे किती कॅलरी हेही पाहावे. प्रथिने अधिक म्हणून हाडे बिघडतात असे पूर्वी सांगितले जाई. ग्रेट डेनच्या पिल्लांवरील पुढील प्रयोगांत तो दोष प्रथिनांवर सिद्ध झाला नाही, तेव्हा त्या भीतीने प्रौढ कुत्र्याचे खाद्य पिल्लाला घालू नये.

घरचेच अन्न द्यायचे असा निश्चय असेल, तर त्यात गैर काही नाही, पण ते अंदाजाने होत नाही. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 95 टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक घटक अपुरा निघाला. आणि त्या प्रौढ कुत्र्यांसाठीच्या होत्या, वाढत्या पिल्लांसाठीच्या नव्हत्या. पोषणाचा हिशेब करून देणाऱ्या पशुवैद्यांकडून लेखी पाककृती घ्यावी, तीत सांगितलेले पूरक घटक गाळू नयेत, आणि वजन वाढेल तसा तो हिशेब पुन्हा करून घ्यावा. हे जमणार नसेल तर वाढ पूर्ण होईपर्यंत तयार खाद्यच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाद्य बदलायचे झाल्यास एका दिवसात बदलू नये. जुन्यात थोडे थोडे नवे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल पुरा करावा. दात नाजूक असेपर्यंत कोमट पाण्यात भिजवून द्यावे. दूध अनेक पिल्लांना पचत नाही आणि जुलाब होतात; त्यांना मुद्दाम दूध देण्याची गरज नाही.

मापाचा प्रश्न

चांगले खाद्यही अमाप दिले तर अपाय करते. मोठ्या पिल्लांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक हीच आहे, आणि ती प्रेमातून होते म्हणून सुधारणेही अवघड. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांना एका गटात हवे तितके आणि दुसऱ्या गटात त्याच्या दोन-तृतीयांश अन्न दिले गेले. 1974 च्या त्या अभ्यासात भरपेट खाणाऱ्यांच्या सांगाड्यात ठळक विकृती आढळल्या. पुढे लॅब्राडोरच्या 48 कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. भावंडांच्या जोड्या करून त्यांतील एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिले होते. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान 13 वर्षे भरले, अधिक खाणाऱ्यांचे 11.2 वर्षे. सांध्यांचा आजारही कमी खाणाऱ्यांत उशिरा आला. मापात वाढलेले पिल्लू खुजे राहत नाही. त्याची उंची वंशातून आलेली असते, ती ते थोडे सावकाश गाठते एवढेच.

आता एक हिशेब पाहू. चार महिन्यांच्या आतील 10 किलो वजनाच्या पिल्लाला पशुवैद्यकातील रूढ सूत्राप्रमाणे दिवसाला सुमारे 1,180 कॅलरी लागतात. खाद्यात किलोमागे 3,600 कॅलरी असतील, तर हे साधारण 330 ग्रॅम झाले. तेच पिल्लू पाच-सहा महिन्यांचे, 20 किलोचे झाले की गरज भरते सुमारे 1,320 कॅलरी. वजन दुप्पट झाले, अन्न मात्र आठव्या हिश्श्याने वाढले! पिल्लू दुप्पट झाले म्हणून ताटलीही दुप्पट करणारे घर येथेच फसते. शिवाय हे आकडे केवळ सुरुवातीचे आहेत. पिल्लागणिक गरज बदलते, मोठ्या जातींना पुष्कळदा याहून कमी पुरते, नसबंदीनंतर ती आणखी उतरते.

खरे माप आपल्या हाताला कळते, आणि त्यासाठी चष्माही लागत नाही. मूठ आवळून तिच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवा. पिल्लाच्या बरगड्या तशा लागल्या तर ते फार रोड आहे. पंजा सपाट पसरून पाठीकडच्या बाजूने बोट फिरवा. बरगड्या तशा, म्हणजे पातळ आवरणाखाली सहज लागल्या, तर ठीक चालले आहे. तळहाताच्या गादीसारखे लागले, तर उद्यापासून माप थोडे कमी करा. वरून पाहिल्यास कंबर दिसली पाहिजे. मोठे पिल्लू गुबगुबीत नसावे. पाहुण्यांनी ‘खायला घालता की नाही?’ असे विचारले, तर रागावू नये.

लॅब्राडोर पाळणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले की या जातीतील जवळपास एक चतुर्थांश कुत्र्यांमध्ये भुकेशी निगडित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. अशा कुत्र्याला पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. ते करुण डोळ्यांनी पाहते ते खोटे नसते, त्याला खरोखर भूक लागल्यासारखे वाटते. पण ती भूक शरीराची गरज नव्हे.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खायला द्यावे. एकाच वेळी मोठे जेवण आणि लगेच धावपळ हे खोल छातीच्या जातींत टाळावेच. पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि तेव्हा काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते.

घरात ज्येष्ठ असतात तेव्हा

शुश्रूषा करणाऱ्या मंडळींसाठी हा भाग मुद्दाम लिहीत आहे. वृद्ध माणसाच्या दिवसात पिल्लाला घास देणे हा मोठा आनंद असतो. ज्यांना विस्मरणाचा त्रास आहे, त्यांना आपण मघाशीच खायला दिले हे आठवत नाही, आणि पिल्लू तर आठवण करून देणार नाही. आजोबा देतात, आजी देतात, कामाला येणाऱ्या मावशी देतात. एक तूप लावलेली पोळी म्हणजे साधारण 100 कॅलरी, एका ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस. दुपारपर्यंत दिवसाच्या मापाचा पाचवा हिस्सा असाच जातो आणि तो असंतुलित अन्नाचा असतो.

यावर रागावणे हा उपाय नव्हे. सकाळी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दिवसभराचे खाद्य मोजून एका डब्यात ठेवावे. ज्याला द्यायचे त्याने त्या डब्यातूनच द्यावे. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचे संपले. त्यातील मूठभर दाणे एका वाटीत काढून आजोबांच्या खुर्चीशेजारी ठेवावेत. ते दिवसभर एकेक दाणा देत बसले, तरी पिल्लाचे काही बिघडत नाही आणि त्यांचा आनंदही हिरावला जात नाही. ‘बाबा, तुम्ही देऊ नका’ असे म्हणण्यापेक्षा ‘बाबा, याच वाटीतून द्या’ असे म्हणणे सोपे जाते.

औषधांचा डबा मात्र उंचावर, दाराच्या कपाटात हवा. आपल्याकडे आठवड्यातून एकदा घ्यायचे ‘ड’ जीवनसत्त्वाचे 60,000 युनिटचे पाकीट घरोघरी असते. त्यात दीड मिलिग्रॅम औषध असते, आणि 10 किलोच्या पिल्लाने ते फोडून चाटले तर विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला घातक ठरू शकतात. लंगडणाऱ्या पिल्लाला ‘अर्धी गोळी’ देण्याचा मोह आवरावा. मधुमेहींसाठीच्या काही साखरविरहित च्युइंगममध्ये झायलिटॉल असते, तेही कुत्र्याला विषारी. मनुका, द्राक्षे, कांदा, लसूण वर्ज्य समजावेत.

लोणावळ्याची म्हणून काही संकटे आहेत. चॉकलेट फजचा खोका टीपॉयवर उघडा राहतो. पर्यटकांच्या हंगामात भुशी धरणाच्या वाटेवर भाजलेल्या मक्याच्या गाड्या लागतात आणि दाणे खाऊन उरलेले कणसाचे दांडे रस्त्याकडेला पडलेले असतात. फिरायला नेलेले पिल्लू तो दांडा गपकन गिळते. तो पचत नाही, आतड्यात अडकतो आणि पोट उघडावे लागते. उलट्या, खाणे बंद, पोट दुखल्याची चिन्हे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. चिकन-मटणाची शिजवलेली हाडेही तशीच धोक्याची.

आणि पाऊस. वर्षाला 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावात जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते, मग खाद्याची काय कथा. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृत निकामी करू शकते. स्वस्त पडते म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मोठे पोते घेऊ नये. महिन्याभरात संपेल एवढीच पिशवी घ्यावी, ती तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, ओल्या हाताने आत चमचा घालू नये. सुटे, उघड्या पोत्यातले खाद्य कितीही ओळखीच्या दुकानात मिळाले तरी नको. वास कुबट किंवा खवट आला तर ते फेकून द्यावे. याच महिन्यांत फिरणे थांबते, पिल्लू घरात गुळगुळीत फरशीवर घसरत राहते. तेव्हा फरशीवर जुन्या सतरंज्या अंथराव्यात आणि माप हाताने पाहून थोडे उतरवावे.

पंजा पसरट होऊन मनगट खाली टेकणे, पुढचे पाय बाहेर वळणे, सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम उचलून पळणे, जिन्याशी अडखळणे, एखाद्या पायावर भार न देणे, यांपैकी काही दिसले तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून न देता त्याच आठवड्यात पशुवैद्यांना दाखवावे. जाताना खाद्याची पिशवी आणि घरात देत असलेल्या प्रत्येक बाटलीचे नाव सोबत न्यावे. लवकर कळले तर पुष्कळदा अन्न दुरुस्त करून वाढ पुन्हा मार्गावर आणता येते. कूर्चा एकदा बंद झाल्यावर ती संधी उरत नाही.

वजन दर आठवड्याला लिहून ठेवावे. बारा-पंधरा किलोपर्यंत घरातील तरुण माणसाने पिल्लाला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि स्वतःचे वजन वजा करावे; हे काम आपण ज्येष्ठांनी करू नये. त्यापुढे गावातल्या भात गिरणीवर पोती तोलायचा सपाट काटा असतो, पिल्लू पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत त्यावर आपणहून चढून बसू लागते. तेथे जमलेली मंडळी त्याला काहीतरी खायला देऊ करतातच. ते नाकारून कुणाला दुखवू नये. खिशात टाकून घरी आणावे.